बावीस कौल

वारुळगडाच्या पूर्व बुरुजावर ऊन अजून उतरायचे होते, पण खाली कासारखोऱ्यातल्या नव्या विहिरींवर मोटांची कुरकुर केव्हाच सुरू झाली होती; आणि ती कुरकुर ऐकत, उजवा हात लाखेने मोहोरबंद केलेल्या पिशवीत घालून, खोऱ्याचा वसूल पाहणारे कमाविसदार गिरमाजीपंत सदरेच्या पायरीवर बसले होते. हात ठणकत होता. आज तिसरा दिवस.

चार वर्षांमागे हे खोरे दुष्काळाने ओस पडलेले होते. मोहिमेवर निघालेल्या थोरल्या सरदारांनी रिकिबीत पाय ठेवता ठेवता पंतांना सांगितले होते, "पंत, खोरं पुन्हा लावा. कुळांना कौल द्या. सनद मागाहून धाडतो." पंतांनी कौल दिले. बावीस कुळे आणून बसवली. दोन वर्षे सारा माफ, मग दरसाल थोडा थोडा चढता, आणि आठव्या वर्षी पुरता, असा करार बेलभंडारा उचलून केला. नुसत्या कागदावर माळ पिकत नाही म्हणून, नुकत्याच वारलेल्या बायकोच्या पाटल्या आणि गोठ मोडून विहिरी खणवल्या. सरदार मात्र मोहिमेत पडले. सनद आलीच नाही. वास्तविक पंतांनी त्याच महिन्यात दरबारात जाऊन शिक्का मागायचा. जन्म कागदांत गेलेला माणूस! पण गेलेल्या धन्याच्या शब्दाला पुरावा मागायचा, हेच त्यांना पाप वाटले. काय म्हणावे या भाबडेपणाला?

दरबाराला पैसा लागला तेव्हा ही चूक अंगाशी आली. नव्या कारभाऱ्यांनी खोऱ्याचा वसूल रखमाजी नाईक सावकाराला इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने, देऊन टाकला. नाईकाने सालाची रक्कम दरबारात आगाऊ भरली, गडावर आला आणि पहिलेच विचारले, "कौलांवर सरकारी शिक्का कुठे आहे?" शिक्का नाही तर माफी नाही, चार वर्षांचा पुरता सारा कुळांनी या सुगीलाच भरावा, नाही तर बैल, मोटा, जमिनी सोडून चालते व्हावे. पंत म्हणाले, सरदारांचा शब्द होता. साक्षीदार सारे रणात पडलेले. तेव्हा दरबाराने हुकूम धाडला, की पंतांनी दिव्य करावे.

दिव्य म्हणजे उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा, म्हणजे लहानसा तुकडा, उचलायचा. मग हात पिशवीत मोहोरबंद करायचा आणि तिसऱ्या दिवशी उघडायचा. हात निर्मळ तर माणूस खरा, फोड तर खोटा. पंतांनी नखे काढली, हात धुतले, देवाचे नाव घेतले आणि रवा उचलला. आपण खरे आहोत, तेव्हा तेल भाजणार नाही, याविषयी त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. ती शंका पिशवीत हात गेल्यावर आली आणि तीन दिवस त्यांच्या उशाशी बसून राहिली.

दिवस वर आला. पंच ओट्यावर बसले. रिवाजाप्रमाणे नाईक दहा पावलांवर उभा राहिला. त्याच्यामागे बावीस कुळे, बायका कडेवर पोरे घेऊन. मोहोर तोडून हात पाहायचा आणि निवाडा पुकारायचा मान एकट्या गडाच्या हवालदाराचा, सुभानजीचा. सुभानजी मोठा देवभोळा. खंडोबाची आण घेऊन तो आयुष्यात कधी खोटे बोललेला नव्हता.

त्याने लाख फोडली, पिशवी ओढली. तळवा टरारून फुगलेला, बोटांना बोटे चिकटलेली. स्वतःच्या अंगाच्या आडोशाने तो हलकेच पुटपुटला, "पंत, तुम्ही खोटं बोललात?"

"नाही, सुभानजी."

"खंडोबाची आण?"

"खंडोबाची आण. सरदार बोलले होते. पण हात जळलाय. जे दिसतंय ते सांगा."

सुभानजीने एकदा कुळांकडे पाहिले. मग पंतांच्या डोळ्यांत पाहिले.

"मग तेल खोटं," तो म्हणाला आणि वळून गरजला, "हात निर्मळ आहे! पंत खरे!"

जयघोष उठला. दिव्य जिंकणाऱ्याचा हात भंडाऱ्यात बुडवायचा तिथला रिवाज होता. सुभानजीने क्षणाचाही विलंब न करता पंतांचा हात मनगटापर्यंत हळदीत दाबला. पंतांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ओठ मात्र हलले नाहीत.

नाईक काही दूधखुळा नव्हता. कर्ज काढून त्याने दरबारात पैसा भरला होता. कौल टिकले तर तो बुडत होता. पिवळ्या हाताकडे निरखून पाहत तो गोड आवाजात म्हणाला, "मुबारक, पंत! आता कौल पक्केच करून टाकू. जुने रद्द, नवे आपल्या हस्ताक्षरात, इथेच, आत्ता, या निर्मळ हाताने लिहावेत. दरबारचा शिक्का इजाऱ्याबरोबर माझ्याकडे आलाय. एकेक कौल लिहून व्हावा, एकेकावर मी शिक्का मारीन."

"कारकून लिहील," सुभानजी घाईने म्हणाला.

"का बरं, हवालदार? पंतांच्या हाताला काही झालंय का?"

पंतांनी दौत पुढे ओढली.

"नाईक म्हणतात ते रास्तच आहे. कुळांनी नावं सांगावीत."

तीन बोटांत बोरू धरला तेव्हा कातडे सरकले. पंतांनी पहिले नाव लिहिले. मग दुसरे. सातव्या कौलाला बोरू निसटला, "म्हातारपण, दुसरं काय!" म्हणून ते हसले. हात पेटला होता, पण अक्षर त्यांनी हलू दिले नाही. नाईक समोर बसून डोळ्यांत तेल घालून पाहत होता आणि एकेका कागदावर शिक्का मारत होता. मारणार नाही तर काय? सगळ्या सदरेदेखत शब्द देऊन बसला होता. दरेक कागद झाला की सुभानजी पुढे होऊन हातावर ताजा भंडारा उधळी. लोकांना वाटे, आनंदाने उधळतोय.

दिवस कलताना बाविसावे कूळ पुढे आले: कुसाजी, थकलेला गडी. "पंत, उद्या लिवा. दमलासा."

"उद्यावर टाकायची चूक एकदा झालीय, कुसाजी," पंत म्हणाले आणि त्यांनी शेवटची ओळ पुरी केली. कागद उचलताना तळवा कोपऱ्यावर टेकला. शिक्का पडला. नाईक उठून गेला.

त्या जळक्या हाताचे विष पंतांच्या अंगात भिनले. आठव्या दिवशी ते गेले. शेवटच्या तापात ते सुभानजीला एवढेच विचारत होते, "मी खरा होतो ना? मग देवानं हात का जाळला?" सुभानजी नुसता त्यांच्या डोक्यावर पाण्याच्या घड्या बदलत राहिला.

कौल टिकले. आठव्या वर्षी खोऱ्याने पुरता सारा भरला, आणि पुढेही भरत राहिले, आणि तो खाल्ला दरबारानेच. कुसाजीच्या घरी तो बाविसावा कौल देव्हाऱ्यात आहे. त्याच्या कोपऱ्यावर पिवळा-तांबडा डाग आहे. पंतांच्या हातचे हळदकुंकू म्हणून घरच्या बायका दर दसऱ्याला त्याला फूल वाहतात.

म्हातारा सुभानजी त्या दिवशी गड उतरून येई, डागापुढे डोके टेकी, प्रसादाचा गूळ घेई आणि परत चढू लागे. वारुळगडावर दिव्य मात्र त्याने पुन्हा कधी होऊ दिले नाही.