सगळ्या बंदराला ऐकू गेलेला निरोप

शिंपूच्या तोंडाला झाकण नाही, असं बायजाबाईंचं ठाम मत झालं होतं. शिंपू म्हणजे त्यांच्या मासेमारी बोटीवरचा यंत्रमानव. जाळं ओढायचा, इंजिन बघायचा आणि बोट कुठे आहे ते रोज घरी कळवायचा. वादळ आलंच तर शोधता यावं म्हणून. पण आठ दिवस झाले, बायजाबाईंचा मुलगा रोशन पापलेट लागलेल्या जागी परत जायचा, तर तिथे शेजारच्या तुकारामची बोट आधीच उभी.

"अजून दोन फेऱ्या बघतो," रोशन म्हणाला होता. "नाहीतर बोट ओढून ठेवतो आणि कंपनीच्या जहाजावर जातो. मग सहा-सहा महिने घर नाही."

हे ऐकल्यापासून नात जुईली धड जेवली नव्हती. म्हणून बायजाबाईंनी तिला सोबत घेतलं आणि शिंपूला धक्क्यावर गाठलं.

"कोणाला सांगितलीस रे जागा?"

"कोणालाच नाही, आजी. फक्त राऊटरला."

"हा कोण मेला आणखी?"

"आपल्या छपरावरचा डबा गो आजी," जुईली म्हणाली. राऊटर (आलेला निरोप योग्य यंत्राकडे पोहोचवणारं उपकरण) तिनेच वर चढून बसवला होता.

"माझा निरोप तारेतून येत नाही," शिंपू सांगू लागला. "तो रेडिओ लहरींवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) येतो. पाण्यात दगड टाकला की तरंग चहूकडे जातात, तशा त्या पसरतात. वाटेत ज्याच्याकडे यंत्र असेल त्याला त्या मिळतात."

"म्हणजे भर बंदरात बोंबलतोस."

"हो. पण कूटलेखन (निरोपाचं रूप ठरलेल्या रीतीने बदलणं) करून. समजा, जागेचा आकडा सतरा. आपली किल्ली पाच. मी बावीस पाठवतो. राऊटर त्यातून पाच काढतो. किल्ली नसलेला माणूस बावीसच धरून बसतो आणि भलतीकडे जातो. खरी रीत याहून फार अवघड असते, पण कल्पना हीच."

बायजाबाईंना जुने दिवस आठवले. त्यांचे मालक होडीतून उतरता उतरता ओरडायचे, "आज म्हातारीनं पोटभर वाढलं." सगळं बंदर ऐकायचं. पण म्हातारी म्हणजे कुठला खडक, ते नवराबायकोलाच ठाऊक.

"यात नवं काय?" त्या म्हणाल्या. "आम्ही जन्मभर हेच केलं."

"मग तुकारामकाकांना किल्ली मिळाली कुठून?" जुईलीने विचारलं.

शिंपू म्हणाला, "किल्ली पासवर्डवरून (आपण ठरवलेला गुप्त शब्द) तयार होते. तो आजींनी दिला होता. म्हणाल्या, माझ्याच नावाने उघडलं पाहिजे."

जुईलीने वळून बोटीकडे पाहिलं. पुढच्या टोकाला, नाळेवर, हातभर उंचीची लाल अक्षरं होती: बायजाकृपा.

"हाच शब्द?"

"हाच."

बायजाबाईंनी उगाच पदर सारखा केला. मग नातीला जवळ ओढून तिच्या कानात चार शब्द सांगितले. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, आणि घरातल्या कोणाच्या नावाचा तर नाहीच. जुईलीला हसू फुटलं. तिने ते राऊटरमध्येही घातले आणि शिंपूमध्येही, कारण निरोप बंद करणारा आणि उघडणारा, दोघांकडे किल्ली हवी. कागदावर मात्र एक अक्षरही लिहिलं नाही.

रोशनने पुढच्या फेरीत जागा शोधली, शिंपूने ती कळवली. दुसऱ्या दिवशी रोशन तिथे परत गेला, तेव्हा पाण्यावर फक्त पाखरं होती. संध्याकाळी बोट जड होऊन धक्क्याला लागली आणि पापलेटच्या टोपल्या उतरवता उतरवता त्याने सोमवारी किती डिझेल लागेल ते विचारलं. कंपनीचं नाव काढलं नाही.

बायजाबाई शिंपूसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक माझी होती. हे एकदाच बोलते, पुन्हा विचारू नकोस. पण तूही कमी नाहीस. जे नाव सगळं गाव वाचतं ते गुपित कसं राहील, हे तेव्हाच मला तोंडावर सांगायचं होतंस. या घरात मला उलट बोलायची मुभा आजपासून दोघांना आहे. एक ही जुईली, आणि दुसरा तू."