अठरा टक्क्यांचा अध्यक्ष

‘अनघाताई, प्रत्येक वेळी मुलीचीच बाजू घेऊ नका,’ असं घरातल्या यंत्रमानवाने, म्हणजे दुव्याने, अनघाला एकदा बजावलं होतं. तिने ते कानाआड केलं. आईने नाही घ्यायची बाजू तर कुणी?

साल २०७१. मालवणजवळच्या तरंगत्या वसाहतीत तिची शर्वरी मुलांच्या पाणबुडी-गटाची कप्तान होती. वय वर्षं बारा. उधाणाचे आकडे बघून तिने शनिवारची फेरी रद्द केली, उधाण काही फारसं आलं नाही, आणि गट चिडला. तिला कप्तान ठेवायचं की काढायचं, यावर उद्या मतदान होतं. त्यात नेमका इतिहासाचा गृहपाठ आला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष हार्लन ग्रीव्ह यांना शेवटी शंभरांतले अठराच लोक पसंत करत होते. तर ते नेते कसे होते?

“चांगलेच असणार,” अनघा पोळी लाटता लाटता म्हणाली. “खमक्या माणसाला लोक नावं ठेवतातच. तुझंच बघ.”

शर्वरीचा चेहरा खुलला. दुवा मात्र अडून बसला. लोकांना नकोसा झाला म्हणून कुणी वाईट ठरत नाही, तसा थोरही ठरत नाही, असं त्याचं म्हणणं. तापमापक ताप सांगतो, आजार कोणता ते सांगत नाही. अठरा हा आकडा फक्त राग मोजतो.

मग त्याने जुन्या नोंदी काढल्या. वादळ येणार म्हणून ग्रीव्ह यांनी किनाऱ्यावरची शहरं रिकामी करवली. वादळ वळलं आणि लोक भडकले. पण निर्णय तोलताना पुढे काय झालं ते झाकायचं, दुव्याने सांगितलं, आणि त्या दिवशी काय माहीत होतं तेवढंच बघायचं. त्या दिवशी दहापैकी नऊ अंदाज धोक्याचे होते.

“म्हणजे निर्णय बरोबर. माझाही,” शर्वरी म्हणाली.

“पुढचं पान वाच.”

दहावा अंदाज एका शास्त्रज्ञ बाईंचा होता. फक्त दक्षिण किनारा रिकामा करा, असं त्या म्हणाल्या. ग्रीव्ह यांनी त्यांना कामावरूनच काढलं. त्यानंतर कार्यालयात कुणी उलटा शब्द काढेना. पुढच्या पुरात औषधांच्या गाड्या दोन दिवस चुकीच्या रस्त्याने गेल्या. सगळ्यांना दिसत होतं, सांगितलं कुणीच नाही.

याला प्रत्याभरण तुटणं म्हणतात (प्रत्याभरण म्हणजे आपल्या कामाचा परिणाम आपल्यापर्यंत परत पोचणं). गिझरमध्ये पाणी किती तापलं ते सांगणारा भाग असतो. तो काढून टाकला, तर गिझर तापतच राहतो. लोक रागावले होते एका गोष्टीवर. खोट होती दुसरीकडेच.

शर्वरी बराच वेळ वहीच्या कडेला रेघोट्या मारत राहिली.

“आई, मी तबस्सुमला गटातून काढलंय. शनिवारी उथळ पाण्यात तरी जाऊ या, म्हणत होती. तेव्हापासून कुणी काहीच बोलत नाही मला. मला वाटलं, पटलं सगळ्यांना.”

तबस्सुमचंच काहीतरी चुकलं असेल, हे अनघाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

शर्वरीने वहीत लिहिलं, ‘निर्णय योग्य, कारभार कच्चा.’ आणि चपला घातल्या.

“मत मागायला?” दुव्याने चिमटा काढला.

“मत नाही मागायचं. तबस्सुमचा उथळ पाण्याचा नकाशा बघायचाय.”

मतदानाचं जे व्हायचं ते होईल. अशी मुलं उद्या मोठाली जहाजं चालवतील, कदाचित एखादा देशही.

तुमच्याही वर्गात, घरात, कुणीतरी हल्ली बोलायचंच थांबलं असेल. हे पान मिटा आणि त्यांच्याकडे जाऊन या. बरे आहेत ना, विचारा.