तान्ह्या पोळ्याचं शेकरू

खाकी शर्टाचा माणूस दुकानासमोर गाडी थांबवतो, तेव्हा आलापल्लीच्या रस्त्यावर लाकडाचं काम करणाऱ्या कुणाचाही हात आधी पावतीकडे जातो. दामिनीचाही गेला. श्रावणाची झिमझिम चालली होती, बाबा धानाच्या बांधीत गेले होते, आणि ताडपत्रीखाली ती एकटीच तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घासत बसली होती.

“पावती आहे आमच्याजवळ,” त्यानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. “डेपोतलंच लाकूड आहे. दाखवू?”

“पावतीचं नाई बोलून राह्यलो...” तो गाडीवरून उतरला. “शेपटीचं बोलून राह्यलो.”

“कोनाच्या?”

त्यानं बोट दाखवलं. नंद्यांच्या रांगेत अगदी टोकाला एक लाकडी शेकरू होतं. हातात फळ, झुपकेदार शेपटी पाठीवर वळवलेली.

“शेकरू खायले बसलं का शेपटी खाली सोडते. वाळत घातलेल्या लुगड्यावानी लोंबते. हे तं तुमची आंगणातली खार झाली!”

दामिनीला राग यायला हवा होता. पण त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता. तो आता पडेल, मग पडेल, हे बघता बघता राग राहूनच गेला.

“मी कुठी पाह्यलं शेकरू? बाबा करते तसं केलं. येवढं माहीत आहे तं दाखवा ना!”

“दाखवीन,” तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

प्रफुल त्याचं नाव. एटापल्लीकडचा, नवाच बदलून आलेला वनरक्षक. रानात याच्यापासून काही लपत नसे. लपत ते फक्त शब्द, आणि तेही ऐन वेळी.

चार दिवसांनी दामिनी आईला सांगून रानात सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, वेचायला निघाली. श्रावणात सात्या उगवतात, त्यामुळे आईला, गोकुळाबाईंना, शंका घ्यायचं कारण नव्हतं. टोपलीत सात्या पडल्याही थोड्या. पण जुन्या उंच सागवानांखाली ठरल्याप्रमाणे प्रफुल उभा होता, आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं, तशी टोपली तिथंच राहिली.

दोघं ओल्या पानांवर शेजारी शेजारी बसले. वरून पाऊस थेट येत नव्हता. पानांनी धरून ठेवलेलं पाणी मधूनच टपटपायचं. रानाला ओल्या मातीचा, कुजत्या पानांचा वास होता. कितीतरी वेळ काहीच झालं नाही... आणि ते काहीच न होणं दामिनीला फार आवडलं.

“वर पाहा,” तो कुजबुजला.

फांदीवर शेकरू बसलं होतं. तांबूस पाठ, दुधासारखं पोट, पुढच्या पायांत फळ. आणि शेपटी — खरंच की! — खाली सोडलेली, वाऱ्यावर हळूहळू हलणारी. दामिनीनं नकळत प्रफुलचं मनगट धरलं. तो तर झाडच झाला.

“तुमी रोज असेच बसता? न बोलता?”

“बोललं का पळून जाते...”

“सारेच पळत नाई काही,” दामिनी म्हणाली, आणि मनगट सोडायला विसरली.

त्यानंतर त्याची गाडी दुकानासमोर वरचेवर थांबू लागली. कधी दोरीचं काम निघे, कधी तहान लागे. एवढी तहान उन्हाळ्यातही कुणाला लागत नाही. पण जे बोलायचं ते काही निघेना. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी दामिनीनं पटाशी खाली ठेवली.

“तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागभीडचे लोकं येऊन राह्यले. लग्नाची सुपारी फोडाले.”

त्यानं बुटाच्या टोकानं लाकडाचा भुसा सारला. “चांगले आहेत का?”

“चांगलेच आहेत. बाबाले मी नाई म्हनीन. पन कोनासाठी म्हनू — तेवढं तं कोनी सांगाव ना!”

त्याचे ओठ नुसतेच हलले. बाई गं, किती जीव तुटला तिचा! तिनं फळीखालून एक नवं शेकरू काढलं आणि त्याच्या हातात कोंबलं. याची शेपटी खाली होती. पायांखाली नंदीसारखी चार चाकं होती आणि गळ्यात दोरी.

“चाकं काऊन लावली?”

“तान्ह्या पोळ्याले दारी आलेला नंदी रिकामा वापस जात नाई. येवढुसं पोट्टं दारात उभं राहून झडती म्हनते, बोजारा मांगते. मोठ्यायले जमत नाई, ते अलग.”

तो शेकरू रेनकोटात लपवून निघून गेला.

तान्ह्या पोळ्याला सगळं गाव पोरांचं. लाकडी नंदी सजवून पोरं दारोदार फिरत होती, झडती म्हणजे पोळ्याची गाणी ओरडत होती, बोजारा म्हणून पैसे-खाऊ मिळवत होती. दामिनीचे बाबा, मनसाराम, ओट्यावर बसून बोजारा वाटत होते. दामिनी नंद्यांना कुंकू लावत होती, आणि नजर रस्त्यावर. ऊन कलायला आलं. एकेक नंदी घरी परतला. संपलं, तिला वाटलं. डोळे भरून आले म्हणून ती आत वळली... आणि खडखड, खडखड, चाकं वाजली.

इस्त्रीचा शर्ट घातलेला वनरक्षक भर रस्त्यातून दोरीनं शेकरू ओढत येत होता. मागे पोरांचा हा कल्ला!

“आगा, हा कोन्ता बैल आनला?” मनसाराम उठून उभे राहिले.

प्रफुलनं घाम पुसला, डोळे गच्च मिटले आणि ओरडून झडती म्हटली:

“सागाच्या रानात शेकरूचं घर,
शेपटी खाली अन् नजर वर,
बोजारा नोको मले, नोको साखर,
पोरगी देता का, बोला लवकर!”

“हर हर महादेव!” पोरं किंचाळली.

मनसारामांनी शेकरू उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. “काम तं आमच्या घरचं दिसते. पन शेपटी खाली काऊन?”

“खरी तशीच राह्यते बाबा. मी पाह्यली ना,” दामिनी बोलून गेली, आणि जीभ चावली.

“सात्या वेचता वेचता?” गोकुळाबाईंनी विचारलं. हसू दाबायला त्यांनी पदर तोंडाशी नेला.

मनसारामांनी लेकीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. त्यांनी जरा वेळ मिशी चोळली.

“दारी आलेला नंदी रिकामा कसा धाडू? नागभीडवाल्यायले फोन लावाव लागते,” ते म्हणाले. “दामिनी, कुंकू लाव.”

तिनं ताट घेतलं, शेकरूच्या कपाळाला बोट टेकवलं. दोरी अजून प्रफुलच्याच हातात होती.

“बोलता येते तं तुमाले,” ती हळूच म्हणाली.

“झडती रानात जाऊन पाठ केली... शेकरूले ऐकवून.”

“मंग? काय म्हनलं ते?”

“पळालं नाई,” प्रफुल म्हणाला.