ऐंशी किलोमीटरचा उजेड

हे घडलेलं आहे. देवासमोर बसून लिहिते आहे, एक अक्षर वाढवलेलं नाही.

गेल्या श्रावणातला सोमवार. दुपारचे तीन. आदिलाबादमधल्या आमच्या कार्यालयातली मशीनची खोली. तिथली नोंदवही मी लिहिते.

जमिनींचे स्कॅन केलेले कागद तिथे साठवतात. त्यांची नक्कल काचेच्या तारेतून ऐंशी किलोमीटरवर, निर्मलच्या अशाच एका खोलीत जायची. मशीनच्या खाचेत बोटाएवढं मॉड्यूल बसवतात, ते नोंदींचा उजेड करून पलीकडे धाडतं. दहा किलोमीटरपर्यंत पोचणारं वेगळं, ऐंशीपर्यंत पोचणारं वेगळं. दिसायला सारखीच.

हे मला माझ्या दिरानं, लखननं सांगितलं होतं. ती तार तोच सांभाळायचा.

आदल्या वर्षी आमच्या कार्यालयाच्या अमृतराव साहेबांनी ऐंशीचं काढून दुसऱ्या शाखेला दिलं आणि इथं दहाचं खुपसलं.

मी पाहिलं.

आठवडाभरानं इथली डिस्क जळाली. निर्मलला त्या आठवड्याचं एकही पान पोचलेलं नव्हतं.

चौकशीत साहेब म्हणाले, "लखननंच चुकीचं बसवलं."

लखन माझ्याकडे वळला. "वैनी, तुमी होत्या ना तिथं? सांगा ना!"

सोमवार होता. दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं.

नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी ती खाली घातली.

त्याची नोकरी गेली. पंधरा दिवसांनी निर्मलच्या घाटात त्याची गाडी कोसळली आणि तो गेला.

पुढे निर्मलची खोली बंद झाली. इथलं मॉड्यूल काढून खाचेला रबरी टोपण लावलं.

त्या श्रावणी सोमवारी दुपारी मी खोलीत एकटीच होते. अचानक मशीनचे पंखे थांबले...

आणि 'कट्' असा आवाज झाला.

मॉड्यूल खाचेत बसताना होतो, तसाच.

टोपण जागच्या जागी होतं. खाचेवरचा हिरवा दिवा मात्र... लागला होता.

पडद्यावर अक्षरं आली : निर्मल. जोडलेलं. ८० किमी.

मागून साहेब आले. बघून पांढरेफटक पडले.

"असं कसं? ते ऐंशीचं त म्या सोताच्या हातानं काढलं होतं!"

मी मौन मोडलं. "मंग लखनचं नाव काऊन घेतलं?"

"आन तुमी काऊन नाई बोलल्या? तुमचा देव चूप बस म्हनला का?"



आम्ही बोलत होतो तोवर दिवा लुकलुकत होता. आम्ही गप्प झालो... तो स्थिर झाला.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या साहेबांना सगळं लिहून दिलं. "ताई, ती फाइल बंद झाली," म्हणाले. अमृतराव साहेबांना बढती मिळाली.

आता मी मौन धरत नाही.

दर सोमवारी तीन वाजता 'कट्' होतं. मी टोपणापाशी तोंड नेऊन हळूच सांगते, "लखन, मी पाहिलं होतं."

दिवा लुकलुकतो. पडद्यावर 'पाठवलं'चा आकडा वाढतो.

'आलेलं'च्या पुढे अजून शून्यच आहे.