पायापर्यंत फक्त इशारा

"पाय काढू नका! प्लीज... तसाच ठेवा!"

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी लाँच लाटेवर एका अंगाला झुकली होती आणि एक जड लाकडी पेटी घसरत माझ्या अंगावर आली होती. मी ती पायानं अडवून धरली. तिच्यामागून एक मुलगा जवळजवळ रांगतच आला.

"आत काच आहे हो," तो धापा टाकत म्हणाला.

"आणि माझ्या पायात हाडं आहेत."

त्याचे कान लाल झाले. पेटीच्या मागच्या जाळीतून मला काचेच्या नळ्या दिसल्या.

"व्हॉल्व्ह? गिटारचा अँप आहे हा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी बोटींचे वायरलेस आणि फिश फाइंडर दुरुस्त करते. बाबांच्या वेळचे व्हॉल्व्हचे सेट अजून आमच्या माळ्यावर आहेत."

त्याचं नाव ऋत्विक. राहणारा पालीचा, नोकरी नागोठण्याच्या एका कारखान्यात. अँप त्यानं स्वतःच्या हातानं बनवला होता. शनिवारी नागावच्या एका वाडीत गाण्याचा कार्यक्रम होता आणि तो पहिल्यांदाच स्वतःचं गाणं लोकांपुढे म्हणणार होता.

"अर्धं गाणं साध्या, स्वच्छ आवाजात आहे," तो सांगत होता, "आणि मग एका क्षणी गिटार पेटली पाहिजे. अँपला दोन चॅनल आहेत, पण बदलायचं बटण अँपवर! वाकून ते दाबेपर्यंत गाण्याचा जीव जातो."

"मग पायानं दाबा."

"तेच तर हवंय, फूटस्विच. मुंबईचा कारागीर म्हणतो, महिना लागेल."

लाँच धक्क्याला लागली. मी पेटीची एक बाजू उचलली. "माझं दुकान इथंच आहे," मी म्हटलं. का म्हटलं, कुणास ठाऊक!

मग तो रोज कामावरून सुटला की मोटरसायकलवरून येऊ लागला. पहिल्याच संध्याकाळी अँप उघडला आणि त्यानं सरळ आत हात घातला. मी झटकन त्याचं मनगट पकडलं.

"बंद आहे की!" तो दचकून म्हणाला.

"बंद केल्यावरही आत चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. इतका अँप बनवलात, आणि हे विसरलात?"

"आज विसरलो," तो हळूच म्हणाला.

मी दुसऱ्या हातानं आतला विजेचा साठा उतरवला. मीटरचा आकडा घसरत घसरत शून्यावर आला. त्याचं मनगट मात्र अजून माझ्या मुठीत होतं... आणि त्यानंही ते ओढून घेतलं नव्हतं.

"आता सोडलंत तरी चालेल. मीटर शून्यावर आलाय," तो म्हणाला. "अँपचा. माझा नाही."

मी हात सोडला आणि उगाचच पेचकस शोधू लागले. पेचकस समोरच होता.

काम साधं होतं, पण नाजूक. "गिटारचा आवाज लांब वायरीतून तुझ्या पायापर्यंत नेला, तर वाटेत सगळी घरघर गोळा होईल," मी सांगितलं. एव्हाना आम्ही 'तू'वर आलो होतो. "आवाज आतच राहू दे. आत एक छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवू, चॅनल तो बदलेल. पायापर्यंत फक्त इशारा न्यायचा."

"आणि इशारा समोरच्याला कळतो?"

"रिलेला कळतो. माणसांचं मला माहीत नाही."

तो हसला. मी सोल्डरच्या धुरात डोळे लपवले.

गुरुवारी सगळं जुळलं. त्यानं एक तार छेडली, बटणावर पाय ठेवला – टिक! साधा गोड सूर एकदम डरकाळी झाला, खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारच्या वेणूबाई सुकटाची टोपली टाकून धावत आल्या. "काय फुटला गो, क्रांते?"

आम्ही पोट धरून हसलो. आता एकच काम उरलं होतं. फूटस्विचची वायर खोचायचा जॅक अँपच्या पत्र्यावर बसवायचा होता.

"त्याचं धातूचं अंग पत्र्याला टेकता कामा नये," मी म्हटलं. "टेकलं की आत शॉर्ट. मी अलिबागहून प्लास्टिकचे वॉशर आणते. तोवर तो असाच लोंबू दे."

"चालेल. आणि सोमवारी कार्यक्रम कसा झाला ते सांगायला येतो. तुला हरिहरेश्वरला घेऊन जायचंय—"

"सोमवारी मी नसेन."

कधीतरी सांगायचंच होतं. "कोचीला चाललेय. जहाजांवरची यंत्रं बघणाऱ्या कंपनीत नोकरी लागलीय."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. "कधी ठरलं?"

"लाँचवर भेटलो, त्याच्या आधीच."

"आणि आज सांगतेस?"

"तू कधी विचारलंस?"

"काय विचारायला हवं होतं मी, क्रांती?"

उत्तर मला माहीत होतं. पण मी फक्त म्हटलं, "वॉशर उद्या आणते."

"राहू दे." त्यानं पेटी उचलली. "बाकीचं माझं मी करीन."

शुक्रवारी तो आला नाही. फोन उचलला नाही. वॉशर माझ्या पर्समध्ये पडून होते. शनिवारी दुपारी मी एका बोटीचा वायरलेस उघडून बसले होते, आणि एकदम मला जॅक आठवला. लोंबणारी वस्तू त्याला बघवायची नाही. तो जॅक पत्र्यावर घट्ट आवळणार... नव्हे, आवळलाच असेल!

मी स्कूटर काढली. अलिबागच्या नाक्यावर पर्यटकांच्या गाड्या खेटून उभ्या होत्या. मी खालच्या मातीतून स्कूटर दामटली. नागावला पोचले तेव्हा सूर्य पोफळींच्या मागे उतरत होता. फाटकातच ती ऐकू आली – जाडसर, गुदमरलेली घरघर. स्टेजजवळ तापलेल्या वार्निशचा वास, म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर जळायला लागला होता.

"ऋत्विक! बंद कर! आधी बंद कर!"

सगळे प्रेक्षक वळून बघू लागले. त्यानं एका झेपेत बटण बंद केलं.

वाडीच्या मालकीण प्रमोदिनीताई घाईनं आल्या. "बासरीवाल्याला आधी घेते. तेवढ्यात होईल?"

"होईल," मी म्हटलं. खात्री मला नव्हती.

स्टेजमागे मी पेटीपाशी बसले. मी सांगण्याआधीच त्यानं आतला साठा उतरवायला घेतला. दोघं मीटरकडे बघत होतो. शून्य. मी नट सैल केला. त्यानं मोबाईलचा उजेड धरला.

"राग आला होता," तो म्हणाला.

"म्हणून ट्रान्सफॉर्मर जाळायचा?"

"तुझ्याशिवाय पूर्ण करून दाखवायचं होतं."

"मग?"

"...नाही झालं."

दोन्ही बाजूंना वॉशर बसले. मी नट आवळला, मीटर लावून बघितलं. जॅक पत्र्यापासून सुटला होता. आता ट्रान्सफॉर्मर वाचला असला म्हणजे मिळवली. बाहेर बासरी संपली, टाळ्या पडल्या. त्यानं अँप सुरू केला. आम्ही श्वास रोखून वाकलो. क्षणभर काहीच नाही. मग नळ्यांच्या पोटात नारिंगी ठिणगी उगवली, हळूहळू वाढली. घरघर नव्हती.

"जा," मी म्हटलं.

मी स्टेजच्या कडेला उभी राहिले. तो गात होता, स्वच्छ, एकेक सूर सुटा. मला मात्र फक्त त्याचा बूट दिसत होता. आता... नाही, अजून नाही... आता! त्याचा पाय उचलला गेला, आणि माझी नखं तळहातात रुतली.

खट्टदेखील झालं नाही. आवाज नुसता उघडला. पोफळींमधून, माणसांवरून, थेट समुद्रापर्यंत गेला. लोक उठून उभे राहिले. त्यानं लोकांकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

नंतर आम्ही पेटी फाटकापर्यंत उचलून आणली आणि खाली ठेवली. आकाश अजून तांबूस होतं.

"परवा विचारलं नाही, ते आज सांगतो," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. खूप. थांब म्हणणार नाही, ती नोकरी तू मिळवलीयस. जा. फक्त... मी आहे, हे माहीत असून जा."

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"कुठं हायस गो? दुकान उघडा टाकून गेलीस!"

"नागावला हाय, आई." मी त्याच्याकडे बघितलं. तो श्वास धरून उभा होता. "ऋत्विकबरोबर हाय."

"कोण ऋत्विक?"

हे नाव घरात मी आजवर एकदाही उच्चारलं नव्हतं. मी हात पुढे केला, त्यानं तो घट्ट धरला.

"घरी घेऊन येते," मी म्हटलं. "दोन भाकऱ्या जास्त टाक."