खालच्या वस्तीचे चाळीस फॉर्म

कपाट उघडलं तेव्हा तीनऐवजी दोनच फाइली होत्या.

सोमवार, सकाळचे सव्वादहा. विभागप्रमुखांनी आधी वरचा कप्पा पाहिला, मग खालचा, मग कपाटामागची भिंतसुद्धा. फाइलला पाय फुटले असतील अशी त्यांना आशा असावी. 'टेकडी' लिहिलेली हिरवी फाइल जागेवर होती. 'मधली वस्ती' लिहिलेली पिवळीही होती. निळी नव्हती. निळीत खालच्या वस्तीतल्या चाळीस तरुणांनी भरलेले फॉर्म होते आणि शुक्रवारी बाहेरचे परीक्षक नेमके तेच बघायला आणि ते भरणाऱ्या काही मुलांना भेटायला येणार होते.

प्रबंधाचा विषय मोठा होता. हवामानबदलाच्या कामात तरुण मुलंमुली किती भाग घेतात आणि श्रीमंत-गरीब वस्तीप्रमाणे त्यात काय फरक पडतो. चार वर्षं त्यात गेली होती. तो लिहिणाऱ्या मुलीला विभागात सगळे आत्तापासूनच 'डॉक्टर' म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोन. एक मार्गदर्शक सरांच्या जुडग्यात, दुसरी टायपिस्टबाईंच्या खणात.

"सर शनिवार-रविवार परगावी होते," प्रमुख म्हणाले. "मग उरलं कोण?"

उरलं कोण ते कुणी बोललं नाही, पण कळलं सगळ्यांना. टायपिस्टबाई खालच्या वस्तीतच राहत. नोकरी कंत्राटी. एका सहीनं घरी बसवता येईल अशी.

प्रमुखांना पोलीस नको होते आणि बोभाटा तर नकोच नको. त्यांनी ग्रंथपालबाईंना बोलावलं. तीस वर्षं हरवलेली पुस्तकं शोधून काढणारी बाई. पान कुणी फाडलं हे फाटलेली कड बघून सांगायची. निवृत्तीला आठ महिने होते. जीभ मात्र अजून सेवेत होती.

"शुक्रवारपर्यंत फाइल मिळाली नाही तर टायपिस्टबाईंना काढावं लागेल," प्रमुख म्हणाले.

"म्हणजे चोर तुम्हाला सापडलाय. मी फक्त चोरी शोधायची," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात पहिलं नाव तेच आलं होतं. त्याची त्यांना पुढे लाज वाटली. त्या सकाळी नाही वाटली.

टायपिस्टबाई आपल्या टेबलाशी ताठ बसल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास.

"खणाला कुलूप असतं?"

"नाही. किल्ली तिथं असते हे शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे."

"शनिवारी कोण कोण आलं होतं?"

"माझं लक्ष नव्हतं."

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसला. ही बाई दोनशे पानांत एक स्वल्पविराम जास्त पडला तरी सरांना जेवणावरून उठवून आणायची, आणि शनिवारी हिचं लक्ष नव्हतं!

"तुमच्या वस्तीबद्दल त्यात जे लिहिलंय ते तुम्हाला आवडलं नसेल."

"नव्हतंच आवडलं. 'सहभाग नगण्य' असं टाइप केलं मी माझ्या हातानं. पण आवडलं नाही म्हणून कुणी चोरी करतं का, बाई?"

"मग डॉक्टरनंच नेली असेल."

"छे छे! तिच्यावर संशय घेऊ नका. तिनं जिवाचं रान केलंय." टायपिस्टबाई थांबल्या. "त्यांनी. मॅडमनी."

संशोधन कक्षात सर आणि डॉक्टर दोघंही होते. टाकीच्या दुरुस्तीमुळे सकाळपासून नळ कोरडे होते आणि सरांची रिकामी बाटली टेबलावर उभी होती.

"किल्ली माझ्याबरोबर परगावी होती," सर म्हणाले. "प्रश्नावली मी स्वतः तयार केलीय. मीच ती कशाला पळवू?"

ग्रंथपालबाई मुलीकडे वळल्या. अठ्ठावीस वर्षांची, नीटनेटकी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"तू मूळची कुठली गं?"

"लांबची आहे, मोठ्या शहरातली. आता तिकडं कुणी नाही माझं."

"खालच्या वस्तीत किती वेळा गेलीस?"

"सहा-सात वेळा."

"चाळीसही फॉर्म समोर बसून भरून घेतले?"

"हो."

"आणि शनिवारी?"

"खोलीवर होते. लिहीत होते."

तेवढ्यात बाहेरून शिपायाची आरोळी आली, "पाणी आलं, पाणी आलं!"

सर बाटली घेऊन लगबगीनं बाहेर गेले. मुलीनं पायाशी ठेवलेली बॅग उचलून टेबलावर ठेवली, शेजारचा कागदांचा खोकाही वर ठेवला आणि पुढं बोलत राहिली. "माझंच नुकसान आहे ना यात, मॅडम? मूळ फॉर्म नसतील तर प्रबंध अडकेल."

मुद्दा बिनतोड होता. ग्रंथपालबाई मान हलवून उठल्या.

मूळ फॉर्म नसले तरी उत्तरं होती. टायपिस्टबाईंनी ती सगळी उतरवून प्रबंधाच्या शेवटी जोडली होती. मंगळवारी ग्रंथपालबाईंनी तिन्ही वस्त्यांची ती उत्तरं रद्दी चाळल्यासारखी चाळली आणि अकराव्या प्रश्नावर थांबल्या. 'घरात पाणी आल्यावर सर्वांत आधी काय करता?'

टेकडीवरची मुलं म्हणत होती, टाकी आपोआप भरते. मधल्या वस्तीतली म्हणत होती, बादल्या भरतो, मग अंघोळी. खालच्या वस्तीतली उत्तरं वेगळीच होती. 'गाद्या माळ्यावर टाकतो.' 'दप्तर खुंटीला, सगळ्यात वरच्या.' 'आई मला पत्र्यावर चढवते आणि मग कोंबड्या.'

आणखी एक. शाळेत कसे जाता, याला बारा जणांनी लिहिलं होतं, लोखंडी पुलावरून. हवामानाच्या कुठल्या उपक्रमात भाग घेता, याला मात्र चाळीसच्या चाळीस जणांनी लिहिलं होतं, नाही.

बुधवारी त्या स्वतः खालच्या वस्तीत गेल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. विभागापासून चालत पंचवीस मिनिटं.

नदीत दोन गंजके खांब उभे होते, पूल नव्हता. कडेच्या भिंतीवर एक मुलगी लाल रंगानं आडवी रेघ मारत होती. असेल सतराची.

"काय गं, हे काय?"

"मागच्या वर्षी इथवर आलं होतं. दर वर्षीची रेघ मारतो आम्ही. पाणी आलं की कुठल्या घरात आधी पळायचं त्याची यादी आहे आमच्याकडे. म्हातारी माणसं, चालता न येणारी. वरच्या धरणावर आमचा एक जण असतो, तो फोन करतो." तिनं ब्रश डब्यात बुचकळला. "बत्तीस जण आहोत. मागच्या वर्षी एकही माणूस गेलं नाही."

"आणि पूल?"

"तो बारा वर्षांपूर्वीच वाहून गेला. मला तर आठवतही नाही."

"तुमच्याकडून कुणी फॉर्म भरून घेतले होते? विद्यापीठातून?"

मुलगी हसली. "आमच्याकडं कोण येतंय? आलं असतं तर सांगितलं असतं की सगळं. दिवसभर सांगितलं असतं."

परत येताना ग्रंथपालबाईंना चढ जड गेला.

शुक्रवारी परीक्षक दुपारी यायचे होते. दहा वाजता प्रमुखांच्या खोलीत सगळे जमले. प्रमुखांनी टायपिस्टबाईंच्या नावाचं पत्र तयार करून पाकिटात घालून ठेवलं होतं. टायपिस्टबाईंना खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. ग्रंथपालबाईंनी आपली दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"फाइल कुणी नेली ते नंतर सांगते," त्या म्हणाल्या. "आधी ती कुणी भरली ते बघू. चाळीस फॉर्म चाळीस जणांनी भरलेले नाहीत. वस्तीत कुणी फॉर्म घेऊन गेलंच नव्हतं. मी विचारून आले."

सर ताडकन उठले. "बनावट उत्तरं? अशक्य! मी वाचलीत ती. इतकी बारीक माहिती घरात बसून कुणाला सुचेल?"

"तेच तर. घरात बसून तुम्हाला सुचली असती का, सर? अकरावा प्रश्न तुम्ही काढलात. तुमच्या मनात नळ होता. पाणी आलं म्हणजे नळाला आलं. माझ्याही मनात नळच आला असता. पण उत्तरं आली गाद्या वर टाकण्याची. खालच्या वस्तीत पाणी आलं म्हणजे नदी घरात आली. हे ज्याच्या हाडीमासी खिळलंय त्यानंच ते फॉर्म भरलेत."

प्रमुखांची नजर टायपिस्टबाईंकडं गेली.

"तिकडं बघू नका, साहेब. उत्तरांत शाळेला जायचा लोखंडी पूल आहे. तो जाऊन बारा वर्षं झाली. टायपिस्टबाई रोज ते खांब बघत कामाला येतात. त्या असलं लिहिणार नाहीत. आणि पूल होता तेव्हाही त्या शाळेच्या वयाच्या नव्हत्या. आई पत्र्यावर चढवते, दप्तर खुंटीला लावतो, हे पोरवयातलं आहे. जी व्यक्ती त्या पुलावरून शाळेत गेली आणि पूल पडायच्या सुमारास वस्ती सोडून निघून गेली, तिचंच हे लिहिणं. आज ती अठ्ठावीसच्या आसपास असेल."



"सोमवारी शिपाई ओरडला, पाणी आलं. सर बाटली घेऊन बाहेर धावले. आणि तू, बाळ, बॅग जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलीस. कागदांचा खोकाही ठेवलास. तुला स्वतःला कळलंही नसेल. मोठ्या शहरातल्या मुली असं करत नाहीत."

मुलगी खाली बघत होती.

"परीक्षकांनी मूळ फॉर्म मागितले, मुलांना भेटायचं म्हणाले. भेट झाली असती तर सगळं बाहेर आलं असतं. फॉर्मच नसले तर नावं नाहीत, नावं नाहीत तर भेट नाही. फार तर प्रबंध लांबला असता. शनिवारी तू उघड्या खणातून किल्ली घेतलीस. टायपिस्टबाईंनी ते पाहिलं."

"पाहिलं?" प्रमुख टायपिस्टबाईंना म्हणाले. "मग बोलला का नाहीत? तुमची नोकरी जात होती!"



"त्या तिला ओळखतात," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "विभागात सगळ्यांना त्या अहो-जाहो करतात. हिचा विषय निघाला आणि तोंडातून 'ती' गेलं."

शेवटी मुलगी बोलू लागली.

"फाइल माझ्या खोलीवर आहे. फाडायला हात धजला नाही." ती थांबली. "मी गेले होते, मॅडम. एकदाच. बरोबर दोन विद्यार्थी होते, गळ्यात ओळखपत्र. कोपऱ्यावर आई उभी होती, डोक्यावर हंडा. तिनं मला हाक मारली. आणि मी... मी मुलांना म्हटलं, रस्ता चुकला. परत फिरले."

"आणि सहभाग नगण्य?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. "तिथं बत्तीस मुलं नदीवर पहारा देतायत."

"मला माहीत नव्हतं. आम्ही लहान होतो तेव्हा कुणी काही करत नव्हतं. मी तेच लिहिलं." ती रडू लागली. "मला वाटलं, निदान पाण्याचं तरी खरं लिहितेय."

सर मान खाली घालून बसले होते. आपण त्या निष्कर्षाचं दोन परिषदांत कौतुक केलं होतं हे त्यांना आठवत असावं. प्रमुखांनी पाकीट उचलून खणात टाकलं. टायपिस्टबाईंकडं बघायचं त्यांना धाडस होईना.

"बाई, माझं फार चुकलं," ते टेबलाला म्हणाले.

"माझंही," ग्रंथपालबाई टायपिस्टबाईंना म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मीही तुमचंच नाव धरलं होतं."

टायपिस्टबाईंनी दोघांनाही मान हलवून थांबवलं. त्या मुलीकडं बघत होत्या.

"मावशी," मुलगी म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही बोलायला हवं होतं."

"मी का बोलू? तू बोलशील म्हणून वाट बघत होते. शनिवारपासून नाही, चार वर्षं." टायपिस्टबाईंचा आवाज चढला नाही. "तुझं अर्पणाचं पान मी टाइप केलं. 'दिवंगत आईस.' तीनदा हात थांबला माझा. वाटलं, येशील आणि म्हणशील, मावशी, चूक झाली, तो शब्द काढा. तू आलीस आणि म्हणालीस, अक्षर थोडं मोठं करा."

मुलीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"तिला माहीत आहे?" हातांआडून तिनं विचारलं.

"तिला वाचता कुठं येतं? रोज संध्याकाळी मला विचारते, पोरीनं पुस्तकात काय लिहिलंय. मी सांगते, अगं, पहिलंच पान तुझं आहे. तेवढ्यावर सगळ्या गल्लीला सांगत फिरते ती." टायपिस्टबाई उठल्या, पदर सारखा केला. "आता आज काय सांगू, ते तूच येऊन सांग."