तिसरं चित्र

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी विदा कोलारोवनं बटण दाबलं आणि नावं उघडली.

सर्बियातल्या नोवी सादच्या जावास्क्रिप्टवाल्यांची परिषद ऑक्टोबरात भरे, आणि त्याआधी दर सप्टेंबरला हे असंच होई. वेबपानं बांधणारी माणसं भाषणांचे प्रस्ताव पाठवत. परीक्षकांना दिसे तो नुसता मजकूर आणि कामाचा नमुना दाखवणारी लिंक, नाव झाकलेलं. ओळखीपाळखीवर कुणी व्यासपीठावर चढू नये म्हणून विदानंच हा नियम दहा वर्षांपूर्वी आणला होता. गुण देऊन झाले की ती एक बटण दाबी. मग नावं दिसत आणि निवडलेल्यांना अभिनंदनाचं मेल आपोआप जाई.

यंदा सगळ्यांत वर होतं ‘वाट पाहणाऱ्या माणसासाठी’. तिन्ही परीक्षकांचे पाचपैकी पाच. पान उघडायला वेळ लागतो तेव्हा समोरच्या माणसाला काय दाखवावं, एवढाच विषय. पण लिहिलं इतक्या मायेनं होतं की विदानं तो प्रस्ताव घरी नवऱ्यालाही वाचून दाखवला होता.

शेजारी नाव उमटलं. तादिया वर्होवात्स.

विदाचा हात माऊसवरच राहिला. एप्रिलमध्ये तिनं स्वतः तादियाच्या शवपेटीवर माती टाकली होती, आणि प्रस्तावाची तारीख होती ऑगस्टची.

तेवढ्यात फोन वाजला. यास्ना, तादियाची बायको.

“विदा, ही कसली थट्टा चालवलीय तुम्ही?”

“यास्ना, ऐक...”

“‘अभिनंदन, तादिया!’ असं आलंय. त्याच्या फोनवर. मी तो अजून रोज चार्ज करते. वेडी म्हण हवं तर.”

“नाही म्हणत. तू पाठवलं नाहीस ना ते?”

“मी? त्याच्या लॅपटॉपचा पासवर्ड तो बरोबर घेऊन गेलाय. एप्रिलपासून झाकण उघडलं नाही मी.”

“गेल्या वर्षी त्यानं आमच्याकडे काही पाठवलं होतं?”



“हेच पाठवलं होतं. हेच! तुम्ही नाही म्हणालात. त्याला गेल्या वर्षीच बोलायचं होतं गं, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या नाही.” यास्नाचा आवाज फाटला. “पाच महिने झाले, आत्ता कुठे मी रात्रीची झोपायला लागले होते. मला त्या माणसाचं नाव हवंय. आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर मी पोलिसांत जाईन.”

विदानं जुनी नोंद काढली. मजकूर स्वल्पविरामासकट तोच होता; गेल्या वर्षीच्या ढिगात आपण तो वाचला होता हे तिला आठवलंही नव्हतं. नाकारलेला प्रस्ताव बाहेर कुणाला दिसत नाही. तादिया गेला, त्याचा लॅपटॉप बंद. उरले फक्त तिघं परीक्षक. वेबपानांच्या विभागाला दोन्ही वर्षी तेच होते: ती स्वतः, निवृत्त प्राध्यापक गावरा, आणि वुकान.

वुकान हा तादियाचा जिवलग मित्र. दोघांनी मिळून ‘स्केला’ नावाचं एक साधन बांधलं होतं, आणि ते जगभर फुकट वाटलं होतं. पानावरची चित्रं हळुवारपणे पुढं आणायचं ते काम.

जुन्या शेऱ्यांवरही नावं नव्हती. तिघांचे तीन शेरे होते.

‘लिंकवर कोरं पान येतं. दोन गुण.’

‘डेमो उघडत नाही. मजकूर सुरेख, पण न पाहता कसं निवडू? तीन गुण.’ हा विदाचा स्वतःचा.

‘तिसरं चित्र थरथरतं. काम कच्चं आहे. एक गुण.’

विदानं गेल्या वर्षीच्या लिंकचा पत्ता नीट पाहिला आणि कपाळावर हात मारला. मग यंदाची लिंक पुन्हा उघडली. तीन चित्रं आली: एक पूल, एक स्वयंपाकघर, एक पाठमोरी बाई. तिसरं चित्रही जागच्या जागी, शांत. तिनं डगला घेतला आणि निघाली.

गावराच्या बाल्कनीत मिरच्या भाजणं चाललं होतं. सप्टेंबरात अख्खं शहर त्या वासानं भरलेलं असतं.

“गावराकाका, गेल्या वर्षी तादियाचा प्रस्ताव तुमच्याकडे आला होता.”

“नाव झाकता ना तुम्ही? मला काय स्वप्न पडणार?”

“‘वाट पाहणाऱ्या माणसासाठी’, तोच तो. लिंक उघडली होतीत?”

“उघडली. कोरं पान. दोन गुण दिले, तेही जिवावर येऊन.”

“तुमचं आणि त्याचं भर सभेत वाजलं होतं.”

“वाजणारच. मी म्हटलं, बाबा रे, पानावर फुलबाज्या कशाला लावतोस? तो म्हणाला, काका, वाट बघणाऱ्याचा हात धरतोय मी.” गावरानं मिरची उलटवली. “उत्तर चांगलं होतं. तेव्हा मी कबूल केलं नाही.”

“त्याच्या अंत्ययात्रेला दिसला नाहीत.”

“मागे होतो. चॅपेलच्या भिंतीपाशी. पुढं यायचं तोंड नव्हतं मला. झालं समाधान?”

विदा जराशी ओशाळली. तिनं यंदाची लिंक त्याच्याच संगणकावर उघडायला सांगितली. तिन्ही चित्रं खटकन एकदम आली, ना हलली ना सरकली.

“माझ्याकडे अशी येत नाहीत,” विदा म्हणाली. “माझ्याकडे हळूहळू पुढं येतात.”

“माझ्याकडे काहीच हलत नाही. कानाचं दुखणं झाल्यापासून पडद्यावर काही हललं की गरगरतं. तीन वर्षं झाली, सगळी हालचाल बंद करून ठेवलीय. मिरची घेतेस?”

तिनं मिरची कागदात गुंडाळून घेतली आणि जिना उतरली.

वुकान आपल्या ऑफिसच्या खिडकीपाशी उभा होता. चाळिशीही न गाठलेला, पण उन्हाळ्याभरात केस पिकलेला. गेल्या वर्षी परिषदेत ‘स्केला’वर भाषण केलं ते त्यानंच. टाळ्या थांबत नव्हत्या, हे विदाला आठवलं.

“कळलं का तुला?” तिनं विचारलं.

“यादी पाहिली. तादियाचं नाव. छान दिसत होतं.”

“गेल्या वर्षी याच प्रस्तावाची लिंक उघडलीस तेव्हा काय दिसलं?”

“कोरं पान. सगळ्यांना दिसलं तेच.”

“गुण किती दिलेस?”

“आता कुठे आठवतंय?”

“कुणी पाठवलं असेल रे हे?”

“असेल कुणीतरी, त्याची आठवण काढणारा. कुणाचं काय बिघडलं त्यात?”

“यास्नाचं बिघडलं. मेल तिनं वाचलं. फोन चालू ठेवलाय तिनं त्याचा.”

वुकानच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. “यास्नानं वाचलं? तो फोन अजून... मला वाटलं...” 

“पाच वाजता सभागृहात ये,” विदा म्हणाली. तिला आता त्याच्याकडे बघवत नव्हतं.

परिषदेच्या डॅन्यूबकाठच्या सभागृहात खुर्च्या अजून मांडलेल्या नव्हत्या. यास्ना डगल्याची बटणंही न काढता बसली होती. गावरा काठी टेकून बसला. वुकान उभाच राहिला.

“यास्ना, तुला नाव हवंय,” विदा म्हणाली. “पण आधी गेल्या वर्षी काय झालं ते ऐकावं लागेल. त्यात मीही आहे.

“तादियाच्या हातून एक चूक झाली. आमच्या धंद्यात प्रत्येकाकडून एकदा तरी होते. पान आपण आधी आपल्याच संगणकावर चालवून बघतो, आणि घाईत त्याच संगणकाचा पत्ता दुसऱ्याला पाठवतो. पाकिटावर ‘ह्याच घरी’ लिहून पत्र टाकण्यासारखं ते. ज्याच्या घरी उघडावं, त्याच्याच घरात शोधलं जाणार. माझ्या घरात ते पान नव्हतं. काकांच्याही नव्हतं. म्हणून आम्हाला कोरं दिसलं.

“पण एकानं लिहिलं, तिसरं चित्र थरथरतं. त्याला कसं दिसलं? एकाच कारणानं. त्याच्या स्वतःच्या संगणकावर तेच काम चालू होतं. तादियाचा पत्ता त्याला त्याच्याच घरात घेऊन गेला, आणि तिथं ती चित्रं होती.”

“मी नव्हे,” गावरा गुरगुरला.

“तुम्ही नाहीच, काका. तुमच्याकडे तीन वर्षं काही हललेलं नाही, मग थरथरेल कुठून? दुसरा शेरा माझा. राहिला एकच, तादियाबरोबर ‘स्केला’ बांधणारा. कोरं पान दिसलं असं तो आज सकाळी माझ्याशी खोटं बोलला.”

यास्नानं मान वर केली. “वुकान?”

“ओळखीचं काम समोर आलं तर परीक्षकानं बाजूला व्हायचं, असा आमचा नियम आहे. हा झाला नाही. एक फोन करून ‘अरे, पत्ता चुकलाय’ म्हणाला असता तरी पुरलं असतं. तेही केलं नाही. एका साधनावर आम्ही एकच भाषण घेतो, आणि ‘स्केला’वर यालाही बोलायचं होतं. यानं एक गुण दिला आणि व्यासपीठावर स्वतः चढला.”

“आणि यंदाचं?” गावरानं विचारलं.

“यंदा तोच मजकूर, पण पत्ता बरोबर, आणि तिसरं चित्र दुरुस्त. ते थरथरतं हे तादियाखेरीज जगात ज्याला ठाऊक होतं, त्यानंच ते दुरुस्त केलं.”

वुकान व्यासपीठाच्या पायरीवर बसला.

“मला वाटलं, पुढच्या वर्षी तो बोलेल,” तो म्हणाला. “एक वर्ष. काय होतंय एका वर्षानं? सगळे त्यालाच ओळखायचे, मी कायम ‘आणि वुकान’. एकदा, फक्त एकदा मला पुढं व्हायचं होतं. मग तो गेला. मेल कुणी वाचेल असं वाटलंच नाही मला. निवडलेल्यांच्या यादीत एकदा त्याचं नाव लागू दे, एवढंच हवं होतं. यास्ना, शपथ घेतो...”

“शपथ घेऊ नकोस.” यास्नाचा आवाज विचित्र शांत होता. “गेल्या वर्षी जुलैतच डॉक्टरांनी सांगितलं होतं. डिसेंबरात गळा कापावा लागणार, आवाज राहणार नाही. त्यानं कुणाला सांगू दिलं नाही मला. म्हणाला, दयेनं निवडायला नको, नाव झाकून निवडतात ते बरंय. ऑक्टोबरात एकदा बोलून घेईन, मग कापू देत काय कापायचं ते.”

 गावरानं चष्मा काढला आणि तो पुसायचा विसरून हातातच धरून बसला.

विदाला स्वतःचा शेरा आठवत होता. न पाहता कसं निवडू. तिनंही एक ओळ लिहून विचारलं नव्हतं, ‘बाबा, लिंक तपास.’ ढीगभर प्रस्ताव होते, वेळ नव्हता. वुकाननं जाणूनबुजून केलं ते तिनं कंटाळ्यानं केलं होतं. गुन्हेगार शोधून काढल्याचं समाधान म्हणतात ते तिच्या वाट्याला त्या दिवशी आलं नाही.

“पोलिसांत जायचंय?” तिनं विचारलं.

“कशाला? ते काय देणार परत?” यास्ना उठली. “भाषण निवडलंय ना तुम्ही? मग होऊ दे.”

“मी करतो,” वुकान पटकन म्हणाला. “शब्द न् शब्द...”

“तू बोलायचं नाहीस. तू पहिल्या रांगेत बसायचं आणि ऐकायचं.”

ऑक्टोबरात परिषद भरली, त्याच आठवड्यात तादियाचा सहावा महिना आला. यास्नानं झितो आणला होता, दिवंगताच्या नावानं वाटायचा उकडलेला गहू, साखर-अक्रोड घातलेला. सभागृहाच्या दाराशी वाडगा घेऊन ती उभी राहिली. टी-शर्टातली, गळ्यात नावाची पट्टी अडकवलेली तरुण मंडळी एकेक चमचा घेऊन मुकाट्यानं आत जात होती. वुकान आला, वाडग्याकडे पाहून खाली मान घालून पुढं गेला.

अकरा वाजता व्यासपीठावर कुणीच आलं नाही. पडद्यावर भाषणाचं नाव, आणि ध्वनिक्षेपकातून सुरीचा कट् कट् आवाज. तादियानं फोनवर करून ठेवलेली सरावाची ध्वनिफीत होती ती: यास्ना मिरच्या चिरत होती, गेल्या वर्षीच्या ऑगस्टात. मग तादिया खाकरला.

“चालू आहे का गं? बरं. नमस्कार मंडळी. तुम्ही वाट बघताय, आणि मी तुम्हाला काय दाखवू, हा आजचा प्रश्न आहे.”

चारशे माणसं हसली, आणि हसता हसता गप्प झाली.

तो वीस मिनिटं बोलला. आवाज घोगरा, पण मजेत. पूल आला, स्वयंपाकघर आलं. मग पाठमोरी बाई हळूहळू पडद्यावर उमटली, जराही न हलता. विदानं तेव्हा ओळखलं, ती यास्नाच होती.

“हे तिसरं थरथरतंय बघा,” तादिया म्हणाला. “मला काही जमलं नाही. पण वुकान करेल. असलं बारीक काम त्याच्याइतकं कुणाला येत नाही, लोकांना ठाऊक नसतं एवढंच. हे निवडलं ना, तर मी त्यालाच वर बोलावणार आहे. निम्मं भाषण त्याचं.”

सुरी थांबली. यास्नाचा आवाज आला, “त्याला सांगितलंस का?”

“छे! आधी निवडू तर दे.”

पहिल्या रांगेत वुकान पुढं वाकून, तोंड हातांत झाकून बसला होता. सभागृहात टाळी वाजली नाही. यास्ना रांगेतून चालत आली, त्याच्यासमोर उभी राहिली. वाडग्याच्या तळाशी चमचाभर गहू उरला होता.

“घे,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी.”

वुकाननं चमचा घेतला. तो तोंडापर्यंत जाईपर्यंत निम्मा गहू खाली सांडला, इतका त्याचा हात थरथरत होता.